सुनंदासारखी बाई

केसपेपरवरची माझी ओळ अशी होती : ‘वय ७१. विसरभोळेपणा, दोन वर्षांपासून, हळूहळू वाढत गेलेला.’

या एका ओळीत तीन चुका होत्या आणि तिन्ही माझ्या होत्या. विसरभोळेपणा हा मुख्य त्रास नव्हता, तो दोन वर्षांचा नव्हता, आणि तो हळूहळू वाढलेलाही नव्हता. वर्तमानपत्रात असं झालं असतं तर दुसऱ्या दिवशी आतल्या पानाच्या तळाला दुरुस्ती छापून विषय संपला असता. दवाखान्यात दुरुस्तीला तशी जागा नसते.

बेळगावातल्या एका मराठी दैनिकात मी अठरा वर्षं होतो, आधी बातमीदार आणि मग उपसंपादक. दैनिकाची पानं कमी झाली तशी माणसंही कमी झाली. त्यानंतरची अकरा वर्षं मेंदूविकाराच्या एका डॉक्टरांकडे गेली. बाई धारवाडकडच्या. मराठी त्यांना समजायची, पण रुग्णाच्या घरचे रडत-भांडत, एकमेकांचं बोलणं तोडत जे सांगतात ते निसटायचं. ते उतरवून घेणारा माणूस त्यांना हवा होता. दवाखान्यात या कामाला ‘हिस्ट्री घेणं’ म्हणतात. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, “अर्थ लावू नका. ते काय बोलतात ते लिहा. आणि कधीपासून, ते लिहा.”

पहिली सूचना मी पाळली. दुसरी एकदा नीट पाळली नाही. हा लेख त्याबद्दल आहे.

बाहेरच्या माणसाला हे काम कळावं म्हणून थोडं सांगतो. म्हातारं माणूस बदललं की घरचे आपापला शब्द घेऊन येतात. कुणी म्हणतं ‘बाबा चळलाय’. कुणी म्हणतं ‘भ्रम झालाय’, कुणी आवाज खाली आणून ‘बाहेरचं असंल का?’ म्हणतं. शिकलेला मुलगा ‘अल्झायमर’ हा शब्द मोबाईलवर वाचूनच आत येतो. हे सगळे शब्द एकाच गोष्टीबद्दल असतील असं नाही. डिमेन्शियात मेंदू झिजत जातो आणि झिजलेलं परत येत नाही. पण डिमेन्शियासारखं दिसणारं बरंच काही असतं : थायरॉईडचं बिघडणं, एखाद्या जीवनसत्त्वाची कमतरता, दीड महिन्यापूर्वी न्हाणीत पडल्यावर डोक्यात हळूहळू साचलेलं रक्त, खोल उदासी, नुसता बहिरेपणासुद्धा. आणि डिलिरियम, म्हणजे शरीरातल्या दुसऱ्याच कुठल्या तरी बिघाडाने मेंदूवर आलेलं मळभ. घरचे त्याला भ्रम म्हणतात, आणि इथे घरच्यांचा शब्द नेमका असतो. यातलं पुष्कळ परत फिरवता येतं, वेळेत ओळखलं तर.

ओळखायच्या खुणा साध्या आहेत. ‘मला विसरायला होतंय हो’ अशी तक्रार घेऊन जो स्वतः येतो त्याला बहुतेक वेळा दुसरं काहीतरी झालेलं असतं. ज्याला घरचे आणतात आणि जो म्हणतो ‘मला काय धाड भरल्या?’ त्याची काळजी करायची. प्रश्न विचारल्यावर उत्तर द्यायच्या आधी जो बायकोकडे वळून बघतो, त्याचीही. आणि सगळ्यात महत्त्वाचा फरक काळाचा. डिमेन्शिया उतार आहे, डिलिरियम पायरी. उतारावरून माणूस नेमका कुठल्या दिवशी खाली आला ते कुणाला सांगता येत नाही. पायरीवरून पडला तर वार सांगता येतो.

माणसाची तुलना त्याच्याशीच करायची, छापील कागदाशी नाही, हे मला येळ्ळूरच्या एका गृहस्थांनी शिकवलं. फाउंड्रीतून निवृत्त झालेले. स्मरणशक्तीच्या चाचणीत साल, महिना, गाव विचारतात, तसं राज्यही विचारतात. शिकाऊ डॉक्टरांनी विचारलं, “हे राज्य कोणतं?” गृहस्थ म्हणाले, “महाराष्ट्र.” शिकाऊ डॉक्टर हुबळीचे. त्यांनी गुण कापला. मी बायकोला विचारलं, “हे असं कधीपासून म्हणतात?” ती म्हणाली, “लग्नाच्या आधीपासनं. मांडवातबी हेच चाललं होतं.” डॉक्टरांनी कापलेला गुण परत दिला. दोन वर्षांनी तेच गृहस्थ पुन्हा आले. राज्य विचारलं. “कर्नाटक,” ते म्हणाले, सरळ, कुणाकडे न बघता. बायकोने पदर तोंडाला लावला. कागदाप्रमाणे उत्तर बरोबर होतं. त्या दिवशी सगळ्या तपासण्या नव्याने सुरू झाल्या, आणि निघायचं ते निघालं.

पिरनवाडीचे एक निवृत्त कंडक्टर होते. त्यांना संध्याकाळी घरात माणसं दिसायची. अनोळखी, गप्प, कॉटवर ओळीने बसलेली. मी विचारलं, “भीती वाटते?” ते म्हणाले, “भ्यायचं काय त्यात? ती न्हाईत हे मला ठावं हाय. पर बसल्यात.” डिमेन्शियाचाच तो एक वेगळा प्रकार निघाला. त्यात अशा भासांवर नेहमीचं औषध दिलं तर माणूस लाकडासारखा ताठतो. म्हणून औषध दिलं नाही. माणसं कॉटवर बसत राहिली. घरातल्यांनी त्या बाजूला बसायचं सोडलं. एकदा मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा कॉट मोकळी होती आणि मीही खुर्चीच घेतली.

आता ती ओळ.

आक्का निपाणीच्या पुढे, कोगनोळीकडच्या बाजूच्या एका गावातल्या. जैन शेतकरी कुटुंब, पूर्वी तंबाखू, आता ऊस आणि सोयाबीन. घरात तिघंच : आक्का, मुलगा अजित आणि सून सुनंदा. नातू बंगळूरला शिकायला. नावं मी बदलली आहेत.

श्रावण संपता संपता अजित आईला घेऊन आला. सुनंदा बरोबर नव्हती. का नव्हती ते त्याने सांगितलं. आक्का सुनंदाला ओळखत नाहीत असं नाही. त्या म्हणतात, ही सुनंदा नव्हे. सुनंदासारखी दिसणारी दुसरी बाई आहे.

“कधीपासून?” मी विचारलं.

“दोन वर्षं झाली की. मागं एकदा गॅस चालूच ऱ्हायला. एका लग्नात भाच्याचं नाव आठवंना. मग चष्मा सापडंना. तवाच आमी समजलो.”

हे उत्तर मी लिहून घेतलं. माझ्या कामातला सगळ्यात जुना सापळा हाच आहे, आणि बातमीदाराला तो ओळखता यायला हवा होता. घरच्यांना एकदा आजाराचं नाव सुचलं की ते मागे जाऊन त्याचे पुरावे गोळा करतात. सत्तरीतल्या कुठल्याही माणसाच्या दोन वर्षांत एक विसरलेला गॅस आणि एक हरवलेला चष्मा सापडतोच. अजित खोटं बोलत नव्हता. तो बातमीला मागचे संदर्भ जोडत होता. एकाच साक्षीदारावर बातमी छापायची नाही हा नियम मी अठरा वर्षं दुसऱ्यांना शिकवला होता. त्या दिवशी बाहेर बाकांवर माणसं दाटली होती. दुसरा साक्षीदार घरी होता.

त्या ओळीने पुढचं सगळं ठरवलं. अजितने मोतीबिंदूच्या ऑपरेशनाआधीचे रक्ताचे रिपोर्ट आणले होते, चैत्रातले. सगळे आकडे ठीक. आजार दोन वर्षांचा, तर चैत्रातला रिपोर्ट आजार चालू असतानाचा ठरतो. म्हणजे रक्तात दोष नाही. स्कॅनमध्ये मेंदू थोडा आकसलेला दिसला, तो त्या वयात पुष्कळांचा दिसतो. डॉक्टरांनी निदान लिहिलं आणि स्मरणशक्तीची गोळी सुरू केली.

जाताना अजित दारात थांबला. “सर, आक्का तिच्या हातचं पाणीबी घेईना. ती समोर आली की थरथरत्या. दशलक्षण पर्व होऊ दे म्हणतो. मग एक तर सुनंदा माहेरी जाईल, न्हाईतर आक्काला कुठंतरी ठेवावं लागंल. दोघी एका घरात ऱ्हाऊ शकत न्हाईत.”

तीन आठवड्यांनी दवाखान्यात फोन आला. बाईचा आवाज होता, दबका.

“मी सुनंदा. आक्कांची सून. एक विचारायचं होतं. मी करते ते बरोबर हाय का चूक?”

ती काय करत होती ते तिने सांगितलं. आक्कांना तिचा चेहरा नको होता, पण फोनवरचा आवाज त्या लगेच ओळखत. एकदा सुनंदा बाजाराला गेली असताना तिने घरी फोन केला तेव्हा हे कळलं. आक्का फोनवर रडल्या. ‘कुठं गेलीस गं मला टाकून, घरात कोणतरी बाई आल्या.’ तेव्हापासून सुनंदा रोज स्वयंपाकघरातून बाहेरच्या सोप्यावर बसलेल्या आक्कांना फोन करत होती. माहेरी आहे, आई आजारी आहे, असं सांगत होती.

“म्हंजे मी खोटं बोलते,” ती म्हणाली. “आमच्यात ते बरं न्हवं. एकदा वाटतं सांगून टाकावं, की आक्का, मीच आत हाय.”

मी तिला सांगितलं, सांगू नका. अशा रुग्णाशी वाद घालायचा नसतो हे दवाखान्यात आम्ही सगळ्यांनाच सांगत असू. त्यांना धीर येतो ना, मग चालू ठेवा. हा सल्ला मी डॉक्टरांना न विचारता दिला.

फोन ठेवायच्या आधी ती सहज म्हणाली, “सकाळी कधी कधी चांगल्या असत्यात. परवा तर मला ‘चहा झाला का’ म्हणाल्या. दहा मिनटांनी पुन्हा भ्याल्या.”

ते वाक्य मी लिहून काढलं आणि वाचल्यावर मला ते आवडलं नाही. डिमेन्शियातही दिवस कमी-जास्त असतात, पण दहा मिनिटांत असं सहसा होत नाही. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी केसपेपर मागवला, माझी ओळ वाचली आणि विचारलं, “हे दोन वर्षं कुणी सांगितलं?”

“मुलाने.”

“आणि?”

आणखी कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी निपाणीच्या बसमध्ये बसलो.

पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. आक्का सोप्यावर खुर्चीत होत्या. पांढरं पातळ, केस नीट विंचरलेले. अजितने ‘बेळगावचे सर’ म्हणून ओळख करून दिली. त्यांनी बसा म्हटलं. बोलताना हात सारखे चालू होते. मांडीवरून, मग समोरच्या हवेतून त्या काहीतरी उचलत, बोटांनी चाचपत आणि डाव्या बाजूला ठेवत. अजित हळूच म्हणाला, “तंबाखूची पानं निवडत्यात. तंबाखू बंद होऊन दहा वर्षं झाली.”

मी त्यांना वार उलटे म्हणायला सांगितलं. “रविवार, शनिवार, शुक्रवार,” त्या म्हणाल्या आणि थांबल्या. डोळे मिटले. झोप लागली असं वाटलं. थोड्या वेळाने डोळे उघडून त्यांनी मला विचारलं, “कधी आलासा?”

सुनंदा पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवून आत गेली. तेवढा वेळ आक्का खुर्चीच्या हाताला धरून होत्या. “ईकी यार?” त्यांनी स्वतःशीच कानडीत विचारलं. ही कोण? मग माझ्याकडे झुकल्या. आवाज अगदी शांत होता.

“तुमी बाहेरचं हाईसा, म्हणून सांगते. ही आमची सुनंदा न्हवं.”

“कशावरून?”

“सुनंदाच्या हनुवटीवर तीळ हाय. हिच्याबी हाय.”

“मग तीच असेल.”

“तसं न्हवं. चालणं, पदर, बांगड्या, सगळं जुळीवलंय. आपल्या माणसाला असं जुळवावं लागत न्हाई.”

दवाखान्यात मी पुष्कळ भास ऐकले होते, पण ते वेडेवाकडे असत. हे सुसंगत होतं. क्षणभर मीही आतल्या दाराकडे पाहिलं.

त्यांच्या मांडीवरचा मोबाईल वाजला. बटणांचा साधा फोन. त्यांनी तो कानाला लावला आणि चेहरा सैल पडला.

“कुठं हाईस गं?”

“माहेरीच हाय, आक्का. जेवलासा का?”

हे शब्द मला दोनदा ऐकू आले. एकदा फोनमधून, बारीक, आणि एकदा स्वयंपाकघराच्या दारातून. मध्ये एक भिंत होती. आक्कांनाही दोन्ही ऐकू येत असणार. त्यांनी मान वळवून दाराकडे पाहिलं आणि फोनवर हात आडवा धरला.

“हळू बोल,” त्या म्हणाल्या. “ती आत हाय. तुझ्यासारखंच बोलाय लागल्या.”

आतला आवाज थांबला. फोनमधलाही थांबला.

“लवकर ये गं,” आक्का म्हणाल्या.

मी उठून मागच्या अंगणात गेलो. सुनंदा तिथे आली. तिचे डोळे कोरडे होते. तिने मला विचारलं, “सर, मला एकदम खरं सांगा. हे परत फिरणार हाय का? न्हाई म्हणत असाल तर मी माहेरी जाते. नवऱ्यानं सांगायची वाट बघत न्हाई. त्यांना रोज भ्यालेलं मला बघवत न्हाई.”

मी म्हटलं, “आधी माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या. शेवटचा चांगला दिवस कोणता? ज्या दिवशी आक्का शंभर टक्के आक्का होत्या.”

तिला विचार करावा लागला नाही. “आषाढातल्या अष्टान्हिकेत, आठ दिवसांच्या पूजेत. बस्तीत, देवासमोर, अख्खं स्तोत्र न बघता म्हटलं त्यांनी. मी पुस्तक धरून बसलेले, एक अक्षर चुकलं न्हाई. मागनं बायका कुजबुजत होत्या तर थांबून त्यांना झापलं, आणि परत तिथनंच सुरू केलं.”

“आणि पहिला वाईट दिवस?”

“त्याच्यानंतर पंधरा दिवस. बैलांचा बेंदूर होऊन गेलता. सकाळी उठल्या आणि मला म्हणाल्या, सुनंदा कुठं गेली?”

दोन वर्षं नव्हे, दोन महिने. उतार नव्हे, पायरी. चैत्रातला रिपोर्ट आजाराच्या आतला नव्हता, आधीचा होता. पण त्या पंधरा दिवसांत काय झालं हे मला अजून माहीत नव्हतं. पडल्या का? ताप आला का? नवी गोळी? पडल्या नव्हत्या. गोळी बदलली होती. पायावर सूज होती म्हणून गावच्या डॉक्टरांनी ब्लडप्रेशरची जुनी गोळी बदलून लघवी वाढवणारी दिली होती. “सूज गेली की लगेच,” सुनंदा म्हणाली. गोळी चूक नव्हती. हजारो माणसं ती घेतात.

सूर्य मावळायच्या आत घरात जेवणं होतात. मलाही बसवलं. अजितने वाढलं. आक्कांनी विचारलं, “कुणी केलंय?” तो म्हणाला, “सुनंदानं माहेरासनं डबा पाठवलाय.” त्यांनी मान हलवली आणि जेवू लागल्या. अजितने मान वर केली नाही.

माझं ताट आणि आक्कांचं ताट समोरासमोर होतं. पदार्थ तेच. ताट वाढायला घेताना आपण पहिल्यांदा मीठ वाढतो. माझ्या ताटात ते होतं. आक्कांच्या ताटात त्या जागी काही नव्हतं.

“आक्कांना मीठ वाढायचं राहिलं,” मी म्हटलं.

“न्हाई, त्यांनी सोडलंय,” अजित म्हणाला. “चातुर्मासासाठी महाराज आल्यात गावात. त्यांच्यासमोर त्याग घेतलाय. चार महिने मीठ न्हाई. त्यांची आमटी-भाजीबी वेगळी काढत्यात.”

“कधी घेतला त्याग?”

“आषाढी चौदसीला, अष्टान्हिका संपता संपता.”

“मला हे बेळगावात का नाही सांगितलं?”

त्याने नवलाने माझ्याकडे पाहिलं. दारामागून सुनंदाचं उत्तर आलं, “तुमी काय घेत्यात ते विचारलंसा. काय सोडलंय, ते कुठं विचारलंसा?”

ते खरं होतं. आमच्या छापील कागदावर सवयींचा रकाना होता : तंबाखू, दारू, झोपेच्या गोळ्या. सगळं घेण्याबद्दल. सोडण्याबद्दल एक ओळ नव्हती. आणि त्याग हा काही आजार नव्हे, तो डॉक्टरला सांगायचा विषयच नव्हे. हे त्या घरात इतकं उघड होतं की कुणाला ते सांगायला सुचलं नसतं.

मी अंगणातून डॉक्टरांना फोन केला. मीठ आणि गोळी, एवढं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, “पाणी किती पितात?” शेजारी उभी सुनंदा म्हणाली, पुष्कळ. उपासाने उष्णता होते म्हणून दिवस मावळायच्या आत तांब्यावर तांब्या. डॉक्टर म्हणाल्या, “गोळी आजच बंद. उद्या सकाळी निपाणीत रक्त द्या, सोडियमसाठी. रिपोर्टची वाट बघत घरी बसू नका, इकडे निघा.”

शरीरातलं सोडियम फार खाली गेलं की मेंदूच्या पेशींना सूज येते. नुसतं मीठ सोडून एवढं सहसा होत नाही, नुसत्या त्या गोळीनेही क्वचित होतं. इथे गोळी मीठ बाहेर काढत होती, त्यागामुळे ते आत येत नव्हतं, आणि पाणी होतं नव्हतं ते पातळ करत होतं. निरोगी माणसात हा आकडा १३५च्या वर असतो. आक्कांचा ११४ आला.

बेळगावात दाखल केल्यावर नवीनच अडचण उभी राहिली. डॉक्टरांनी सलाईन सांगितलं, मिठाचं. अजित म्हणाला, “शिरेतनं मीठ गेलं तर त्याग मोडतो का?”

शिकाऊ डॉक्टरांना वाटलं तो चेष्टा करतोय. डॉक्टरांना तसं वाटलं नाही. त्यांनी त्याला बाहेर जाऊन गावच्या बस्तीतल्या उपाध्येंना फोन करायला सांगितलं. फोन स्पीकरवर होता. उपाध्येंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “त्याग जिभेचा असतोय बाबा. औषध म्हणून शिरेतनं जातंय ते जाऊ दे. प्रायश्चित्ताचं मी महाराजांना विचारतो. आणि अजित, तिला शुद्ध न्हाई तर व्रत कोण पाळतंय? आधी तिला शुद्धीवर आणा.”

हे काम सावकाश करावं लागतं. आकडा एका दिवसात फार वर चढवला तर मेंदूला कायमची इजा होते. रोज ठरावीक अंकांपलीकडे जायचं नाही. त्या दिवसांत सुनंदा वॉर्डच्या बाहेरच्या बाकावर होती. आत जायची नाही. आक्कांना फोनही करायची नाही, कारण आक्कांना तो धरता येत नव्हता. तिने मला एकदाच विचारलं, “आकडा कितीवर आला?” मी सांगितला. तिने बोटांवर काहीतरी मोजलं.

पाचव्या दिवशी सकाळी नर्सने तिला हाक मारली. आक्का उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी सुनंदाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “कधी आलीस? आई बरी हाय का तुझी?”

सुनंदा दारातच थांबली. मग म्हणाली, “बरी हाय.”

“अजितनं सांगितलं न्हाई तू येणार म्हणून. बस की.”

सुनंदा बसली. डॉक्टरांनी मला बाहेर खूण केली. दोघींमध्ये पुढे काय बोलणं झालं ते माझ्याकडे लिहिलेलं नाही.

सुनंदा माहेरी गेली नाही. आक्कांना कुठे ठेवावं लागलं नाही. महाराजांनी मिठाऐवजी गुळाचा त्याग दिला. मी जुनी ओळ खोडली नाही, कारण केसपेपरवर खोडाखोड करायची नसते. खाली नवी ओळ लिहिली, तारीख घातली आणि सही केली. दवाखान्याच्या छापील कागदावर डॉक्टरांनी एक प्रश्न वाढवला : ‘काय सोडलं आहे? कधीपासून?’

सहा महिन्यांनी दोघी तपासणीला आल्या. डिलिरियम होऊन गेलेल्यांना आम्ही पुन्हा बोलावतो. ज्या मेंदूवर असं मळभ येतं त्यात कधी कधी आधीपासूनच बारीक झीज असते, आणि ती मळभ गेल्यावरच दिसते. आक्कांनी चाचणीत एक गुण गमावला, तोही तारखेचा. वार उलटे विचारले तर धडाधड म्हटले आणि वर विचारलं, “आता सुलटं म्हणू?” डॉक्टरांनी लिहिलं, तूर्त डिमेन्शिया नाही. सुनंदाने तो कागद दोनदा वाचला आणि पिशवीत ठेवला.

डॉक्टर दुसऱ्या रुग्णाकडे गेल्या. खोलीत आम्ही तिघंच उरलो. आक्का म्हणाल्या, “सर, एक विचारू? हे लोक म्हणत्यात, घरात जी बाई होती ती सुनंदाच होती. माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं. सगळं म्हणत्यात म्हंजे तसंच असंल. मी मानलं.”

“तसंच होतं,” मी म्हटलं.

“मग रोज फोनवर माझ्याशी कोण बोलत होतं?”

सुनंदा म्हणाली, “मीच की, आक्का.”

“कुठनं?”

“आतनं. स्वयंपाकघरातनं.”

आक्कांच्या डोळ्यांत राग दिसत नव्हता. एखादी पाहिलेली जागा पुन्हा आठवून बघावी तसा चेहरा होता.

“मग तवाच का सांगितलं न्हाईस?”

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं नाही. तिला माझ्याकडे बघता आलं असतं. सांगू नका, असं मीच तिला सांगितलं होतं, आणि ते मी आक्कांना आता सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण त्या माझ्याशी बोलत नव्हत्या.

“दिवसभर मी एकटी त्या बाईसंगट बसायची,” त्या सुनंदाला म्हणाल्या. “तू आतच हाईस हे ठावं असतं, तर इतकी भ्याले नसते गं.”